शिळे मार्क

“काकू, कोपऱ्यावरच्या सरांचा ओंकार डॉक्टरकीला चालला म्हणे!”

वंदनाचं डोकं भिंतीवर दिसलं की पहिलं वाक्य असंच येतं, प्रस्तावना नाही, काही नाही. 2025 चा ऑगस्ट होता, मी अंगणात शेपू निवडत बसले होते. लातुरात ऑगस्टमध्ये ही बातमी तशी रोजचीच. गल्लीगल्लीत कुणी ना कुणी डॉक्टरकीला चाललेलं असतं, किंवा जाता जाता राहिलेलं असतं. पण ओंकार?

“अगं, तो तर यंदा नीटला बसलाच नव्हता. मे महिन्यात बीएस्सीचे शेवटचे पेपर चालू होते त्याचे. त्याच्या आईनंच सांगितलं मला, देवळात.”

“यंदाचे नाहीत, बारावीच्या वेळचे मार्क आहेत. 2022 चे. 231. चालतात म्हणे.”

“कुठं चालतात?”

“आधी म्हणत होते कर्नाटकात, मॅनेजमेंट कोट्यातून. आता एका कन्सल्टन्सीवाल्याच्या नादानं जॉर्जिया म्हणतायत. त्या टिबिलिसी का काय त्या गावात.”

मी सुरी खाली ठेवली. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. बोनाफाईड, टीसी, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, गॅप सर्टिफिकेट यांच्या ढिगाऱ्यात बसून मी एवढं शिकले, की ॲडमिशनच्या गोष्टीत “चालतं म्हणे” हा शब्द आला की आधी तारीख विचारायची.

“कर्नाटकाचं कोण म्हणालं?”

“सरांचे साडू. त्यांच्या ओळखीचा कुणी आहे. मॅनेजमेंट कोट्याला नीट लागतं नुसतं, जुनं-नवं कोण बघतंय, असं.”

“बघतात बाई, चांगलं डोळे फाडून बघतात. सरकारी असो, खासगी असो, अभिमत विद्यापीठ असो, मॅनेजमेंट किंवा एनआरआय कोटा असो. एमबीबीएसची जागा त्या वर्षीच्या नीटच्या गुणवत्ता यादीतूनच भरावी लागते. तीही कौन्सिलिंगमधून. 2022 ची यादी 2022 च्या प्रवेशाबरोबर संपली. त्या साडूंना म्हणावं, ओळखीच्या माणसाला पैसे द्यायच्या आधी त्याला एवढंच विचारा, की फॉर्मवर रोल नंबर कुठल्या सालचा टाकणार?”

वंदनाला पटलं नाही. ती आता भिंतीवर कोपर टेकवून नीट उभी राहिली, म्हणजे गॅस बंद करून आली असावी.

“पण काकू, मला एक कळत नाही. पोरानं परीक्षा दिली, पास झाला. बेडकाचं हृदय तीन वर्षांपूर्वी तीन कप्प्यांचं होतं, आजही तीनच कप्प्यांचं आहे. मग मार्क का शिळे व्हावेत? दहावीचे होत नाहीत, बारावीचे होत नाहीत. आमच्या भावजींनी वीस वर्षांनी बारावीचं मार्कशीट काढून बढती घेतली.”

प्रश्न चोख होता. निम्म्या पालकांचा घोळ इथंच होतो. बारावीचं मार्कशीट ही एकट्याची गोष्ट असते. 82 टक्के पडले म्हणजे 82 टक्के. नीटचं तसं नाही. तिथं 720 पैकी किती पडले याला स्वतःची किंमतच नाही. शेजारच्या बावीस लाखांना किती पडले, त्यावर ती ठरते.

“हे बघ, 2024 आठवतंय ना? 4 जूनला, लोकसभेच्या निकालादिवशीच नीटचाही निकाल लागला. 720 पैकी 720 पडलेली पोरं 67!”

“तेच ना ते, ग्रेस मार्कांचं?”

“तेच. मग ग्रेस मार्क काढले, भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नाचं उत्तर सुधारलं आणि पहिल्या नंबरावर 17 जण उरले. पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या साली 650 पडलेलं पोरगं रडत होतं. आपल्याच गल्लीत रडत होतं, हॉस्टेलवर. त्याच्या पुढं हजारोंनी पोरं होती. आता यंदाचं घे. फिजिक्सचा पेपर असा निघाला की देशातल्या पहिल्या पोराला 686. 650 च्या वर सबंध भारतात शंभर पोरंसुद्धा नाहीत. मग 24 सालचे 650 घेऊन यंदाच्या रांगेत कुणी उभा राहिला, तर त्याला एम्स द्यायचं? आणि यंदाचे 530 घेऊन कुणी 24 च्या रांगेत गेला, तर त्याला हाकलायचं? पोरगं तेच, अभ्यासही तोच.”

“अगं बाई.”

“नीट पास व्हायला लागणारे मार्कसुद्धा वर्षाला बदलतात. खुल्या गटाला 2022 ला 117, 24 ला 162, यंदा 144. कारण पास म्हणजे अमुक मार्क असं नाहीच; पन्नासावं पर्सेंटाइल. म्हणजे निम्मी पोरं तुझ्या मागं असली पाहिजेत. राखीव गटाला चाळिसावं. पेपर अवघड, की आकडा खाली. सोपा, की वर. म्हणून या मार्कांवर साल लिहिलेलं असतं. ते पुसून आकडा एकटा फिरवता येत नाही.”

वंदनानं थोडा वेळ हिशोब केला. मग तिचा चेहरा उजळला. गप्पांत समोरच्याला पकडलं की उजळतो तसा.

“मग जॉर्जियावाले कसे घेतात? तिथं तर म्हणे तीन वर्षं चालतात!”

“चालतात.”

“मग?”

“अगं, इथं मार्क म्हणजे रांगेतला नंबर. तिथं नुसता दारावरचा पास. जॉर्जियाच्या कॉलेजला ओंकारचे 231 आहेत का 431, याच्याशी काही देणंघेणं नाही. ही अट आपल्या सरकारची. बाहेर डॉक्टरकी शिकून परत येणाऱ्यानं जायच्या आधी नीट पास झालेलं असावं, असा नियम 2018 साली आला. आधी परदेशी जायला पात्रता प्रमाणपत्र काढावं लागायचं. आता नीटचा निकाल हेच प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र म्हटलं की त्याला मुदत आली. निकाल जाहीर झाल्या दिवसापासून तीन वर्षं.”

“झालं तर मग! बावीस, तेवीस, चोवीस… बसतंय की तीन वर्षांत.”

“निकाल कधी लागला होता बावीस सालचा?”

“जूनमध्येच लागतो ना?”

“यंदा 14 जूनला लागला. तेव्हा कोविडमुळं सगळं पुढं ढकललेलं. 17 जुलैला परीक्षा झाली आणि निकाल लागला 7 सप्टेंबरला, रात्री उशिरा. मला नेमकं आठवतंय, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिसात टीसीसाठी ही झुंबड. म्हणजे तीन वर्षं कधी भरतात?”

तिनं बोटं मोजली नाहीत, सरळ आत जाऊन कालनिर्णय घेऊन आली. पान उलटलं, बोट फिरवलं आणि थबकली.

“7 सप्टेंबर, रविवार. काकू, त्या दिवशी चंद्रग्रहण आहे! आणि आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी.”

“ग्रहणाचं राहू दे. हातात दिवस किती?”

“तीन आठवडे आणि वर दोन-चार. त्यात गणपती, गौरी, सगळं.”

“त्यात ॲडमिशन पक्की झाली पाहिजे. व्हिसा, कागदांचं अपोस्टिल, फी भरल्याचा कागद, सगळं मागंपुढं होतं, तो भाग वेगळा. आता त्या कन्सल्टन्सीवाल्याला ही तारीख माहीत आहे का, ते विचार.”

“तो म्हणतो, सप्टेंबर इनटेक चुकलं तर फेब्रुवारी इनटेक आहे, टेन्शन नको.”

“हो. त्याला कशाचं टेन्शन? फेब्रुवारीत जॉर्जिया घेईल की पोराला, हसत घेईल. तिथं सहा वर्षं शिकून, पदवी घेऊन येईल ओंकार आणि मग इथं अर्ज करताना कुणीतरी विचारेल, प्रवेश घेतला तेव्हा तुझा नीट चालू होता का? तेव्हा तो कन्सल्टन्सीवाला कुठं असेल? त्याचं ऑफिस आहे तरी का, का नुसता हॉटेलातला सेमिनार?”

“हॉटेलातलाच. चहा-समोसा होता. मीपण गेले होते.”

“तू कशाला?”

“सरांच्या मिसेसना सोबत.”

इथं मी थोडी थांबले, कारण हसू आलं. वंदनाला मुलगी एकच, सहावीतली. पण लातुरात सहावीतल्या मुलीच्या आईनं मेडिकलचा सेमिनार ऐकणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फाउंडेशन बॅच सहावीपासूनच चालू होतात हल्ली.

शिळ्या मार्कांचं दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. माझ्या नणंदेची मुलगी न्यू जर्सीत, एडिसनला. तिची तऱ्हा तर याहून अवघड. तिकडं बारावीनंतर डॉक्टरकी नसतेच. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. तिनं 2022 च्या जूनअखेरीस एमकॅट दिली. 511 पडले.

“किती पैकी?” वंदनानं विचारलं.

“528 पैकी. पण शून्यापासून नाही, 472 पासून सुरू होते ती मोजणी. 500 म्हणजे मधोमध. 511 म्हणजे चांगलेच झाले. पण लगेच अर्ज नाही केला पोरीनं. तिकडं डॉक्टरच्या मागं फिरून टिपणं घेणारे असतात, स्क्राइब म्हणतात, ते काम केलं. मग एका लॅबमध्ये रिसर्च केला. या वर्षी म्हटली, आता भरते अर्ज. आणि कॉलेजांचे नियम वाचायला बसली, तर डोळे पांढरे.”

“तिकडंपण तीन वर्षं?”

“तिकडं सरकारचा एक नियम नाही. ज्या त्या कॉलेजचा वेगळा. कुणी दोन वर्षं म्हणतं, बरेचजण तीन म्हणतात. आणि खरी गंमत पुढंच. तीन वर्षं कुठून मोजायची? एक कॉलेज म्हणतं, अर्ज केला त्या दिवसापासून मागं मोजा. दुसरं म्हणतं, आमच्याकडं वर्गात येऊन बसाल त्या दिवसापासून मागं मोजा. तिनं यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरला. पहिल्या कॉलेजात तिचे 511 जिवंत. दुसऱ्याकडं वर्ग भरणार 2026 च्या ऑगस्टात, तिथं तेच 511 कधीच गेले.”

“मग द्यायची की परत. एवढी हुशार आहे.”

“नणंद तेच म्हणाली. पण तिकडं जुने मार्क लपवता येत नाहीत. सगळ्या खेपांचे मार्क एकत्र कॉलेजकडं जातात. परत दिली आणि 506 पडले तर? आपलं आपणच पत्र लिहून दिल्यासारखं, की तीन वर्षांत मी विसरले. शिवाय कितीही वेळा देता येत नाही. वर्षाला तीनदा, सलग दोन वर्षांत मिळून चारदा, आयुष्यात सातदा. आपल्या नीटला निदान तेवढं सुख आहे, कितीदाही बसा. वयाची वरची अटपण 2022 पासून काढून टाकली.”

मला मात्र यात एक गोष्ट खटकते आणि ती मी वंदनालाही सांगितली. नीटचे मार्क एका वर्षात मरतात ते मला समजतं. पेपर दरवर्षी वेगळा, कधी सोपा कधी अवघड, आणि त्या कच्च्या मार्कांना एका मापात आणायची सोयच ठेवलेली नाही. एमकॅटचं तसं नाही. तिथं वेगवेगळ्या दिवशीच्या पेपरांची काठिण्यपातळी हिशोबात धरूनच तो आकडा काढतात, म्हणजे 2022 चे 511 आणि 2025 चे 511 यांचं वजन सारखं राहावं. मग त्यांना मुदत कशाला? कॉलेजं म्हणतात, विज्ञान विसरतं माणूस. असेल. पण जी पोरगी तीन वर्षं दवाखान्यात आणि लॅबमध्ये राबली, ती विसरली आणि जी घरी पुस्तक मिटून बसली, तिच्या मार्कांना मात्र अजून सहा महिने बाकी, हा कुठला न्याय? मला तरी हा कागदांचा ढीग कमी करायचा सोपा उपाय वाटतो. हजारो अर्ज येतात. तारखेची चाळणी लावली की निम्मं काम हलकं. आमच्या ऑफिसातही असंच चालायचं. फोटो मागं पांढरा नाही, अर्ज बाजूला.

“हां, पण एकदा त्यांच्याकडंही खरंच कारण होतं बरं का,” मी म्हटलं. “2015 च्या एप्रिलात त्यांनी परीक्षाच बदलली. आधी 45 पैकी मार्क असायचे. नवीन आली त्यात मानसशास्त्र, समाजशास्त्र, बायोकेमिस्ट्री आणून घातलं, मोजायची पट्टीही नवी. तेव्हा जुने मार्क हळूहळू बंद करणं भागच होतं.”

“आपल्याकडं तर परीक्षाच अख्खी पळून गेली होती की! आमच्या माहेरच्या संतोषदादाचं नाही का झालं?”

हे मात्र तिनं बरं आठवलं. 2013 साली 5 मे रोजी पहिली नीट झाली. महाराष्ट्राचे प्रवेश त्या साली तिच्यावरच झाले. संतोषचा थोडक्यात हुकला. म्हणाला, पुढच्या वर्षी नीटच देतो, एनसीईआरटी पाठ झालंय. आणि 18 जुलैला सुप्रीम कोर्टानं नीटच रद्द केली. पुढच्या वर्षी परत राज्याची सीईटी. पोरानं एनसीईआरटी ठेवून राज्य बोर्डाची पुस्तकं काढली. दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या भावावर उलटं संकट. 2016 चा तो उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. एप्रिलमध्ये वाघिणींतून पाणी आणि महिनाअखेरीला कोर्टाचा हुकूम, की नीट याच वर्षीपासून. सीईटी तर आठवड्यावर आलेली! ट्यूशन एरियात त्या रात्री कुणी जेवलं नाही. 24 मेला अध्यादेश निघाला, सरकारी जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

“तो धाकटा बीएएमएस झाला ना?”

“झाला. चांगला चाललाय त्याचा दवाखाना अहमदपूरला. आणि संतोष बँकेत. दिवाळीत भेटला तर अजून त्या 18 जुलैला शिव्या देतो.”

शेपू निवडून झाला होता. पण वंदना हलेना. ओंकारचं काय, हे तिला हवं होतं. नुसत्या नियमांवर ती उठून जाणारी नव्हे.

“मग त्यानं करावं काय? जाऊ द्यावं जॉर्जियाला का नाही?”

“जावं की नाही ते मी कोण सांगणार? पण जायचंच असेल तर 7 तारखेच्या आत, आणि चार गोष्टी लेखी घेऊन. हे बघ, 2021 च्या नोव्हेंबरात नवे नियम आले. कोर्स निदान 54 महिन्यांचा हवा. शिकवणं इंग्रजीतून हवं. बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच कॉलेजात हवी. अर्धी तिकडं, अर्धी इकडं चालत नाही. आणि त्या देशाच्या नागरिकाला जसं तिथं डॉक्टरकी करायचं लायसन्स मिळतं, तसं यालाही मिळायला हवं. यातलं एक नसलं तरी इथं परत आल्यावर दार बंद. सगळं असलं तरी बाहेरून शिकून आलेल्यांची एफएमजीई परीक्षा आहेच. 300 पैकी 150. वर्षातून दोनदा होते, आणि कित्येक खेपांना पाचात एकच पोरगं पास होतं.”

“पाचात एक?”

“आणि त्या पाचातले चार काही मठ्ठ नसतात गं. सहा वर्षं बाहेर काढलेली, आईबापांनी रान विकलेली पोरं असतात.”

“दुसरा रस्ता?”

“बीएस्सी झालाय, वय एकवीस. मेच्या पहिल्या रविवारी नीट असते साधारण. आठ-नऊ महिने आहेत. बसावं परत. तो 2022 ला बसला तेव्हा कोविडनं त्याची अकरावी ऑनलाइन गेली होती. 231 मध्ये त्याचा खरा वकूब कुठं दिसला? आता तीन वर्षं झूलॉजी शिकलाय. आणि पुढच्या वर्षीही जॉर्जियाच ठरलं, तर हातात ताजा निकाल असेल, पुढं तीन वर्षांचा. कन्सल्टन्सीवाल्याच्या तारखेवर पळायला नको.”

“मी सांगते सरांच्या मिसेसना. आत्ताच जाते.”

“सांग. पण आधी मला एक सांग. पैसे दिले का?”

वंदनानं इकडंतिकडं बघितलं. गल्लीत भाजीवाल्याशिवाय कुणी नव्हतं, तरी आवाज उतरवला.

“दोन लाख. सीट ब्लॉक करायला म्हणून. सरांनी पीएफमधून काढले.”

“कुणाच्या नावावर? कॉलेजच्या?”

“नाही. फोनवरून पाठवले, त्या कन्सल्टन्सीवाल्याच्या बायकोच्या खात्यावर.”

“आणि पावती?”

“व्हॉट्सॲपवर दोन हात जोडलेले आलेत म्हणे. आणि खाली, ‘काँग्रॅट्स डॉक्टर’.”